पहिली पट्टी कशानं सरळ केली?

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच्या दोन दिवस आधी लेकीसाठी नागपूरच्या सीताबर्डीहून कंपासपेटी आणली आणि रात्री दोघं मिळून तिच्या वह्यांना समास आखत बसलो. वीसेक पानं आखून झाल्यावर त्या पेटीतली एक विसंगती माझ्या लक्षात आली आणि मग झोप लागेना.

वर्तुळ काढायला गोल वस्तू लागत नाही. कंपासचं टोक रोवायचं, पेन्सिल फिरवायची, वर्तुळ तयार. कंपास कितीही वेडावाकडा असो, अंतर बदललं नाही की झालं. पट्टीचं तसं नाही. पट्टी स्वतःच्या काठाची नक्कल कागदावर उतरवते. काठ वाकडा, तर रेघ वाकडी. तो काठ ज्या साच्यातून निघाला तो साचा कुठल्या तरी यंत्रावर सरळ केलेला असणार, आणि त्या यंत्राचा बेड, म्हणजे त्याची बैठक, आणखी कशावर तरी. असं मागं मागं गेलं, तर कुठंतरी एक पहिली सरळ कड असलीच पाहिजे, जिला तपासायला दुसरी सरळ कड जगात नव्हती.

भूमितीचा ग्रीक गुरू युक्लिड, त्याच्याकडेही याचं उत्तर मिळत नाही. रेषा म्हणजे रुंदी नसलेली लांबी, असं तो सांगतो, आणि कुठल्याही दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढता येते हे सरळ गृहीत धरतो. कशानं काढायची, ते सांगत नाही. गणिताला त्याची गरजही नाही. सुताराला आहे.

सुतारानं ती दोरीनं भागवली. 'सुतार' हा शब्दच सूत्रधारापासून आलाय, आणि यज्ञवेदी आखायचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांतल्या 'शुल्ब'चा अर्थ दोरी. काव लावलेलं सूत फळीवर ताणायचं, मधे चिमटीत धरून उचलायचं आणि सोडायचं. रेघ उमटते. पण सूत फळीला अगदी काटकोनात उचलावं लागतं. जरा तिरकं ओढलं की रेघेला मधे पोट येतं. गवंड्याच्या लाइनदोरीची अडचण वेगळी. तिला स्वतःचं वजन असतं. मीटरला एक ग्रॅम वजनाची दोरी 10 मीटरवर दोन किलोच्या ओढीनं ताणली, तरी मधे सुमारे 6 मिलिमीटर झोळ राहतो. ओढ दुप्पट केली तर झोळ निम्मा होतो, शून्य कधीच होत नाही. भिंतीला हे चालतं, धातू कातायच्या लेथला नाही.

मग प्रकाश? 1802 पासून भारताची त्रिकोणमितीय मोजणी प्रकाशाच्याच रेषेवर उभी राहिली. ती सुरू करणारे विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारले. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी रात्री दिवे लावून वेध घेण्यावर भर दिला, कारण दिवसाच्या धुरकट, थरथरत्या हवेत दूरचं काही नीट दिसेना. आजचा लेझरही त्याच हवेतून जातो. मे महिन्यात दुपारी वर्धा रोडवर लांब नजर टाका, डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं. गरम आणि थंड हवेच्या थरांतून जाताना प्रकाश वाकतो, त्याचा तो परिणाम.

सरळ कड शून्यातून घडवायची खरी रीत वेगळी आहे, आणि मला ती माणसानं शोधलेल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या यंत्रं बनवायच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ती 1840 मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेसमोर मांडली. तिच्यात एकही सरळ वस्तू लागत नाही. लागतात तीन ओबडधोबड बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, प्लेटा. त्या सपाट झाल्या की त्यांच्यावर टेकवून कुठलीही कड तपासता येते.

दोन का नाही? दोन प्लेटा एकमेकींवर घासत बसलं तर त्या एकमेकींना अगदी घट्ट बसतात, पण सपाट होतीलच असं नाही. एकीला फुगवटा आणि दुसरीला तेवढाच खोलगटपणा आला तरी जोडी जमते. दुर्बिणीचा आरसा घरी घासणारे हौशी लोक याचाच फायदा घेतात. म्हणून तिसरी.

आता थोडं बीजगणित, आठवीच्या पलीकडचं नाही. पहिल्या प्लेटवर एका ठिकाणी उंची 'क' आहे. तिच्यासमोर येणाऱ्या जागी दुसरीवर 'ख' आणि तिसरीवर 'ग'. उंचवटा अधिक, खड्डा उणे. पहिली-दुसरी जमली म्हणजे क + ख = 0. दुसरी-तिसरी जमली म्हणजे ख + ग = 0. या दोन्हींवरून क = ग. आता पहिली आणि तिसरी एकमेकींवर ठेवा. त्याही जमल्या, तर क + ग = 0, म्हणजे 2क = 0. क शून्य, ख शून्य, ग शून्य. तिघी सपाट. बाहेरून कुणी साक्षीदार आणावा लागला नाही.

इथं एक बारकावा आहे. प्लेटेला फुगवट्यासारखा पीळही असू शकतो. बाजेचा एक पाय आखूड असला की ती जशी दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर डुगडुगते, तसा. तिन्ही प्लेटांना एकाच दिशेचा सारखा पीळ असेल, तर त्या पालथ्या घातल्यावर एकमेकींत छान बसतात आणि वरचं समीकरण फसतं, कारण पालथं घालताना समोर येणारी जागाच बदलते. उपाय सोपा आहे. जमलेल्या जोडीतली एक प्लेट 90 अंशांत फिरवायची. पीळ असेल तर आता उंच कोपरे उंच कोपऱ्यांवर येतात आणि प्लेट डुगडुगते.

हेच तुम्हाला घरी पट्टीवर करून पाहता येईल. टोकदार पेन्सिलीनं काठालगत रेघ मारा आणि पट्टीची टोकं कुठं आली तिथं ठिपके द्या. मग पुस्तकाचं पान उलटतो तशी पट्टी रेघेच्या पलीकडे उलटा. काठ तोच, टोकं त्याच ठिपक्यांवर. पुन्हा रेघ मारा. दोन रेघांमध्ये फट दिसली, तर पट्टीची चूक त्या फटीच्या निम्मी. मात्र पट्टी न उलटता टेबलावरच अर्धी फिरवली, तर नागमोडी चूक लपून राहते. प्लेटेच्या पिळाचीच ही धाकटी बहीण. लेकीच्या नव्या पट्टीला मधोमध अर्ध्या मिलिमीटरची फट आली.

सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं, आणि लेझर आल्यावर हे सगळं इतिहासजमा झालं, असं इंजिनीअरिंगच्या मुलांकडूनही ऐकतो. ते चूक आहे. यंत्राचं हत्यार ज्या मार्गावरून सरकतं, त्या मार्गातली चूक ते प्रत्येक नगावर छापत जातं. म्हणून उच्च अचूकतेच्या यंत्रांचे मार्ग आजही अनेक ठिकाणी हातानं स्क्रेप केले जातात, म्हणजे खरवडून सपाट केले जातात.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी ते काम पाहिलं. मिस्त्रींनी मास्टर प्लेटेवर, म्हणजे आधीच सपाट केलेल्या प्लेटेवर, बोटानं निळा रंग इतका पातळ पसरला की खालचं बीड दिसत होतं. त्यावर दुसरी प्लेट पालथी घालून जरा सरकवली आणि उचलली. जिथं उंच, तिथं निळे ठिपके. छातीजवळ दांडा टेकवून ते स्क्रेपरनं तेवढेच ठिपके खरवडत होते, एका फटक्यात काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग. आपला केस त्याच्या दहापट तरी जाड असतो. पुन्हा रंग, पुन्हा प्लेट, पुन्हा ठिपके. चौरस इंचात वीसेक ठिपके सारखे पसरले की प्लेट झाली. दोन प्लेटा इतक्या सुरेख बसल्या होत्या की मी विचारलं, झालं ना? ते म्हणाले, "दोन जमल्या म्हणून काय झालं भाऊ? तिसरी लावून पाहा नं."

कारखान्यातल्या दुसऱ्या 'लाइन'ची मुळंही इथंच आहेत. फोर्डनं 1913 मध्ये हायलंड पार्कला सरकती असेंब्ली लाइन सुरू केली आणि एक चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, जोडायचा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून पुढं 93 मिनिटांवर आला. श्रेय सगळे सरकत्या पट्ट्याला देतात. पण प्रत्येक नग कानस मारून बसवावा लागला असता, तर पट्टा पहिल्याच माणसाजवळ थांबला असता. कुठलाही नग कुठल्याही गाडीला बसतो, कारण तो घडवणाऱ्या यंत्राचा बेड सरळ असतो.

मिस्त्रींनी तिसरी प्लेट त्या दिवशी लावली नाही. दुपारचे दोन वाजले होते आणि पत्र्याचं छप्पर तापलं होतं. मीटरभर लांब, 15 सेंटिमीटर जाड बिडाच्या प्लेटेचा वरचा भाग खालच्यापेक्षा नुसता एक अंश गरम झाला, तरी तिला मधे सुमारे 9 मायक्रॉनचा फुगवटा येतो. त्यांनी तिन्हींना तेल लावलं, वर गोणपाट टाकलं आणि मला म्हणाले, पाहायचं असेल तर सकाळी सहाला या.