ल द्रियाँ, ज्याँ-इव्ह

ल द्रियाँ, ज्याँ-इव्ह : (३० जून १९४७ – ). फ्रेंच राजकारणी, ब्रिटनी (फ्रान्सचा वायव्येकडील प्रदेश) प्रदेश परिषदेचे माजी अध्यक्ष, फ्रान्सचे माजी संरक्षणमंत्री व परराष्ट्रमंत्री. पॅरिसमध्ये त्यांचे वजन वाढत गेले, तरी त्यामागचे खरे बळ ब्रिटनीतले होते.

लोरियाँ या बंदराच्या गावी कामगार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ब्रिटनीतील रेन येथे इतिहासाचे शिक्षण घेऊन ते १९७४ मध्ये समाजवादी पक्षात आले. १९७८ मध्ये ते खासदार झाले आणि १९८१ ते १९९८ लोरियाँचे महापौर होते. पंतप्रधान एदित क्रेसाँ यांच्या सरकारात (१९९१-९२) सागरी व्यवहार खात्याचे राज्यमंत्री असताना त्यांनी गोदी कामगारांच्या प्रश्नाला हात घातला. १९४७ च्या कायद्यानुसार हे कामगार रोजंदारीवर बोलावले जात. त्यांना माल हाताळणाऱ्या कंपन्यांच्या मासिक पगारावर कायम करायचे, अशी ही योजना होती. बंदरांत मोठे संप झाले, पण जून १९९२ मध्ये कायदा झाला. तोपर्यंत ते मंत्रिपदावरून गेलेले होते.

२००४ मध्ये त्यांनी उजव्या आघाडीचा पराभव करून ब्रिटनी प्रदेश जिंकला. फ्रान्समध्ये प्रदेशाकडे कायदे करण्याचा अधिकार नसतो. उच्च माध्यमिक शाळांच्या इमारती, प्रादेशिक रेल्वे, व्यवसाय प्रशिक्षण आणि उद्योगांना मदत ही त्याची मुख्य कामे. त्यामुळे अध्यक्षाचा कस लागतो तो पॅरिसकडून पैसा व प्रकल्प मिळवण्यात. रेनपर्यंतच्या अतिवेगवान रेल्वेमार्गात प्रदेशाने स्वतःचा निधी घातला. जुलै २०१७ मध्ये मार्ग सुरू झाल्यावर पॅरिस ते रेन हा दोन तासांहून अधिकचा प्रवास दीड तासाच्या आत आला.

प्रदेशाची निवडणूक पक्षांच्या उमेदवार-याद्यांवर व दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत १० टक्के मते मिळवणारी यादी दुसरीत जाते. ५ टक्के मिळवणारीला दुसऱ्या फेरीत गेलेल्या एखाद्या यादीत सामील होता येते. हे विलीनीकरण रविवारच्या मतदानानंतर मंगळवारपर्यंत ठरवावे लागते आणि बोलणी फिसकटतात ती इथेच. २०१० मध्ये ब्रिटनीत पर्यावरणवाद्यांशी तडजोड झाली नाही. तिरंगी लढतीतही ल द्रियाँ निम्म्याहून किंचित अधिक मते घेऊन निवडून आले. पहिल्या क्रमांकाच्या यादीला एकचतुर्थांश जागा आधीच मिळतात, त्यामुळे बहुमताची चिंता उरली नाही.

राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा ओलांद यांच्या काळात (२०१२–१७) ते संरक्षणमंत्री होते. जानेवारी २०१३ ची माली या आफ्रिकी देशातील लष्करी मोहीम त्यांच्याच कारकिर्दीतली. २३ सप्टेंबर २०१६ रोजी नवी दिल्लीत ३६ राफेल विमानांच्या करारावर त्यांनी आणि भारताचे संरक्षणमंत्री, गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी सह्या केल्या.

डिसेंबर २०१५ मध्ये ते मंत्रिपदावर असतानाच पुन्हा प्रदेशाध्यक्ष झाले. मंत्र्याने स्थानिक कार्यकारी पद सोडावे, असा ओलांद यांचा दंडक होता. पण नोव्हेंबरमधील पॅरिस हल्ल्यांनंतर संरक्षणमंत्री बदलणे परवडणारे नव्हते, म्हणून अपवाद केला गेला. टीका झाली आणि ती रास्त होती. जून २०१७ मध्ये, नवे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांचे परराष्ट्रमंत्री झाल्यावर, त्यांनी अध्यक्षपद सोडले. पुढच्याच वर्षी ते समाजवादी पक्षातूनही बाहेर पडले. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिका व ब्रिटनशी हातमिळवणी करून फ्रेंच पाणबुड्यांचा करार मोडला, तेव्हा त्यांनी त्याला पाठीत खंजीर खुपसणे म्हटले आणि फ्रान्सने वॉशिंग्टन व कॅनबरा येथील राजदूत सल्लामसलतीसाठी परत बोलावले. मे २०२२ मध्ये ते मंत्रिपदावरून गेले. २०२३ पासून ते लेबनॉनसाठी मॅक्राँ यांचे विशेष दूत आहेत.