पार्श्वभूमी : डुकराच्या पेशी आणि ‘यशस्वी’ या शब्दाचा तिढा

पुण्यात टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांसमोर डुकराच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात बसवण्याचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, मग हिची सुई सुटेल का?’ गेल्या तीस वर्षांत या प्रयोगांच्या बातम्यांत ‘यशस्वी’ हा शब्द वारंवार आला. त्याचा अर्थ सुई सुटणे असा मात्र क्वचितच होता.

डुकराचीच निवड का झाली, याचे उत्तर जुने आहे. त्याच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे, आणि कित्येक दशके रुग्णांनी डुकराचे व गाईचे इन्सुलिनच टोचून घेतले. फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्याशेजारी ठेवलेली, मिलिलिटरला ४० युनिटची ती लहान बाटली पेठांतल्या अनेक घरांना आठवत असेल. त्याआधी, १८९३ मध्ये, ब्रिस्टल येथे १५ वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले गेले होते. तो तीन दिवसांत दगावला.

तिढा सुरू होतो तो १९९० च्या दशकात. स्वीडनमध्ये १० रुग्णांना डुकराच्या गर्भातील पेशी देण्यात आल्या. इन्सुलिन तयार होताना सुटणारा सी-पेप्टाइड हा तुकडा, तोही डुकराचा, त्यांपैकी चौघांच्या लघवीत २०० ते ४०० दिवस सापडत राहिला. पेशी जगल्या होत्या, पण रुग्णांची इन्सुलिनची गरज होती तेवढीच राहिली. न्यूझीलंडमध्ये १९९६ साली एका रुग्णाच्या पोटात, समुद्री शेवाळापासून केलेल्या, प्रतिकारशक्तीचा हल्ला अडवणाऱ्या सूक्ष्म वेष्टनात बंद केलेल्या पेशी सोडल्या गेल्या. त्याचे इन्सुलिन सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, पण वर्षाच्या आत पूर्वीच्या मात्रेवर आले. तरीही साडेनऊ वर्षांनी त्याच्या पोटातून काढलेल्या वेष्टनांत काही पेशी जिवंत आढळल्या. परक्या प्राण्याची पेशी शरीराने इतकी वर्षे टिकू दिली, हे संशोधकाच्या दृष्टीने खरेच मोठे यश होते. मात्र रोज चार वेळा सुई घेणाऱ्या मुलीच्या आईपर्यंत हा शब्द पोहोचतो, तेव्हा ‘पेशी जगल्या’ आणि ‘आजार आटोक्यात आला’ यांतले अंतर वाटेतच गळून पडते. हे अंतर स्पष्ट सांगण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावरच आहे, असे माझे ठाम मत आहे.

१९९७ मध्ये डुकराच्या जनुकांतच दडलेला एक रेट्रोव्हायरस प्रयोगशाळेत मानवी पेशींना लागण करू शकतो, असे दिसले आणि अनेक ठिकाणी प्रयोग थांबवले गेले. पेशी घेतलेल्या रुग्णांत ती लागण आजवर आढळलेली नाही. पुढे जनुक-संपादनाने २०१५ मध्ये डुकराच्या पेशींतील या विषाणूच्या सर्व ६२ प्रती निकामी करण्यात आल्या, आणि २०१७ मध्ये अशा पेशींपासून पिल्लेही जन्माला आली.

दरम्यान स्पर्धा दुसऱ्याच बाजूने आली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मानवी मूळ पेशींपासून (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात) बनवलेल्या द्वीपपेशींची, म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची, पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांचे इन्सुलिन वर्षाअखेरीस बंद होते. इथे सुई खरोखर सुटली. पण तिच्या जागी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आली, आणि लहान मुलांना ती वर्षानुवर्षे देणे किती योग्य, हा प्रश्न पालकांसमोर उभा राहिला. डुकराच्या पेशींकडे अजूनही आशेने पाहिले जाते ते यामुळेच : त्यांचा पुरवठा मानवी दात्यांवर अवलंबून नाही, आणि वेष्टन किंवा जनुक-संपादन साधले, तर ही औषधे टाळता येण्याची शक्यता आहे.