क्षयरोगाची रक्तचाचणी : अचूकतेवर परिणाम करणारे घटक

क्षयाच्या जंतूशी शरीराची ओळख झाली आहे का, हे रक्तातून पाहण्याची पद्धत. लॅबमध्ये ती ‘इग्रा’ किंवा ‘क्वांटिफेरॉन’ या नावाने चालते. जंतूची ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने समोर आली की रक्तातल्या टी-पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) इंटरफेरॉन-गॅमा हे इशारा देणारे रसायन किती सोडतात, ते तीत मोजतात. बीसीजी लशीत ही प्रथिने नसतात, त्यामुळे लहानपणी दंडावर घेतलेली लस निकाल बिघडवत नाही. मांटू चाचणीत, म्हणजे हातावर सुई टोचून सूज मोजण्याच्या चाचणीत, मात्र तो घोळ होतो.

बऱ्याच चुका नमुना मशीनपाशी पोचण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. रक्त चार नळ्यांत, प्रत्येकी १ मिली घेतात. प्रथिने नळीच्या आतल्या बाजूला सुकवून लावलेली असतात, म्हणून नळी दहा वेळा हलवून आतली सगळी बाजू रक्ताने भिजवावी लागते. कमी हलवली तर पेशींना प्रथिन नीट मिळत नाही. जोरात घुसळली तर तळची जेल फुटून आकडे चुकतात. पुढे १६ तासांच्या आत नळ्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जायला हव्यात.

कोल्हापूर जिल्ह्यात हाच टप्पा सांभाळायला हवा. दक्षिण टोकाच्या चंदगडला सकाळी काढलेले रक्त शहरात येईपर्यंत पेशी जिवंत राहिल्या पाहिजेत. इतर नमुन्यांच्या सवयीने या नळ्याही बर्फाच्या डब्यात घातल्या, किंवा एप्रिलच्या उन्हात गाडीत राहिल्या, तर खरा संसर्ग असूनही ‘निगेटिव्ह’ येऊ शकते.

एचआयव्ही, स्टेरॉइड, कुपोषण किंवा कोवळे वय यांमुळे पेशींचा प्रतिसाद मंद असतो. म्हणून चौथ्या नळीत पेशींना मुद्दाम चेतवतात. तिथेही त्या गप्प राहिल्या तर निकाल ‘अनिर्णित’ येतो. त्याला निगेटिव्ह समजणे धोक्याचे आहे. घरात नुकताच रुग्ण सापडला असेल तर आठ-दहा आठवडे उलटण्याआधीच्या निगेटिव्हवरही विसंबू नये. ०.३५ (आययू/मिली) ही पॉझिटिव्ह ठरवण्याची सीमा; तिच्या आसपासचा आकडा दुसऱ्यांदा तपासला की इकडचा तिकडे होऊ शकतो.

सर्वांत मोठी गफलत अर्थ लावताना होते. ‘रक्तात टीबी निघाला’ म्हणून घर हादरते, पण संसर्ग आणि आजार यांतला फरक ही चाचणी सांगत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत संसर्गाची खूण आढळली, आणि त्यांतल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. शिरोलीच्या फौंड्रीत वाळूची धूळ फुप्फुसात गेलेल्या कामगाराचा पॉझिटिव्ह निकाल मात्र अधिक गांभीर्याने घ्यावा, कारण अशा धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारात क्षय उफाळण्याचा धोका बराच वाढतो. खोकला असेल तर थुंकीत जंतूचे जनुक शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीच हवी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

प्रतिपिंडांवर (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांवर) आधारलेल्या जुन्या रक्तचाचण्या वेगळ्या. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नयेत असे सांगितले आणि २०१२ मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली. उपचार संपल्यावर ‘बरे झालो का’ हे पाहायला इग्रा पुन्हा करण्यात पैसे घालू नयेत. निकाल वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहू शकतो.