सॅनिटायझर असलं की साबण नको? एक खुलासा

क्रूझवर निघालेल्यांना हमखास येणारा फॉरवर्ड: ‘सॅनिटायझर चोळत राहा, जहाजावरच्या कुठल्याही साथीची भीती नाही.’

हा समज हवेतून आलेला नाही. 2020 मध्ये कोरोनासाठी हाच सल्ला होता आणि तो योग्यच होता. कोरोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं. किमान 60 टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर ते मोडतं आणि विषाणू निकामी होतो.

जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ मात्र बहुतेक वेळा नोरोव्हायरसमुळे येते. त्याला स्निग्ध आवरणच नसतं, बाहेर असतं ते प्रथिनांचं चिवट कवच. अल्कोहोलचा त्यावर फारसा जोर चालत नाही. त्यात अगदी थोडे कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. साबणाचं काम वेगळं आहे: 20 सेकंद चोळल्यावर विषाणू त्वचेवरून सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जातो. तो मरतोच असं नाही, पण हातावर राहत नाही, आणि जेवणाआधी तेच महत्त्वाचं.

पडताळून पाहायचंय? ‘99.9 टक्के जंतू’ लिहिलेल्या बाटलीचा बारीक मजकूर वाचा. दावा कोणत्या जंतूंबद्दल आहे आणि त्यात नोरोव्हायरस आहे का, ते बघा. जहाजावर अशी साथ आली की कठडे, दारांच्या मुठी पुसायला क्लोरीनयुक्त द्रावण वापरतात, तेही याच कारणाने.

सॅनिटायझर जवळ असू द्या, पण बुफेआधी आणि शौचालयानंतर हात साबणानेच धुवा. आजारी पडलात तर लगेच जहाजाच्या दवाखान्यात कळवा. त्रास थांबल्यावरही संसर्ग पसरू शकतो, त्यामुळे निदान 48 तास इतरांपासून दूर राहा.