एक्सेप्शन हाताळणी व त्रुटिनोंद (पायथन)

पायथन भाषेतील स्क्रिप्ट चालू असताना फाइल सापडली नाही, मजकुराची संख्या झाली नाही किंवा नेटवर्क तुटले, तर पुढची ओळ चालत नाही. ती अडचण एका ऑब्जेक्टच्या रूपाने आधी कॉल करणाऱ्या फंक्शनकडे आणि तेथून पायरीपायरीने वर जाते. या ऑब्जेक्टला एक्सेप्शन (परिभाषेत अपवाद) म्हणतात. ते पकडण्यासाठी ट्राय व एक्सेप्ट, काहीही झाले तरी करायच्या आवराआवरीसाठी फायनली आणि मुद्दाम फेकण्यासाठी रेझ हे राखीव शब्द आहेत. घडलेल्या गोष्टीची वेळ, पातळी व ठिकाणासह नोंद ठेवण्याचे काम लॉगिंग हे मॉड्यूल करते. दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो, कारण पकडलेले एक्सेप्शन आपोआप कोठेही लिहिले जात नाही. ते पकडले गेले की पायथनच्या लेखी विषय संपतो. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावे देवनागरीतही ठेवता येतात, राखीव शब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात. या नोंदीत ते उच्चारानुसार दिले आहेत.

उगम : अडलेल्या प्रोग्रॅमने काय करावे याची सोय भाषेतच असावी, ही कल्पना १९६०च्या दशकातील पीएल/वन भाषेच्या 'ऑन' विधानांपर्यंत मागे नेता येते. तिची पद्धतशीर चिकित्सा जॉन गुडइनफ यांच्या १९७५च्या शोधनिबंधात आढळते. अडचण निस्तरल्यावर मूळ जागी परत जायचे की तो भाग तेथेच संपवायचा, हा त्या काळातला मुख्य वाद होता. बार्बरा लिस्कोव्ह व अ‍ॅलन स्नायडर यांनी सीएलयू भाषेच्या संदर्भात १९७९ मध्ये दुसरी बाजू उचलून धरली. पायथनही त्याच बाजूचा आहे.

पायथनने ही रचना नेमकी कोठून घेतली, याबद्दल परिचयपर लेखनात ढिलाई दिसते. ग्विडो व्हॅन रोसम यांनी १९८९च्या अखेरीस अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत भाषेवर काम सुरू केले. त्याआधी ते एबीसी भाषेच्या गटात होते, म्हणून पायथनमधले सगळेच एबीसीच्या खाती मांडले जाते. ओळींच्या इंडेंटेशनबाबत ते रास्त आहे, एक्सेप्शनबाबत नाही. एक्सेप्शनची वाक्यरचना व अर्थ मोड्युला-३ या भाषेवरून आले, असे खुद्द व्हॅन रोसम यांनीच नोंदवले आहे. अमीबा या वितरित ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करताना त्रुटी हाताळण्याचा जो अनुभव आला, त्यातून या सोयीचे महत्त्व पटले, असेही ते सांगतात. त्यामुळे मोड्युला-३ चे पारडे जड ठरते. तरी ही उसनवारी जशीच्या तशी नाही. मोड्युला-३ मध्ये ट्राय विधानातील 'एल्स' उरलेली सगळी एक्सेप्शन पकडतो. पायथनमध्ये तो एकही एक्सेप्शन आले नाही तरच चालतो, म्हणजे अर्थ जवळजवळ उलटा झाला. प्रोसीजरच्या मथळ्यात संभाव्य एक्सेप्शन जाहीर करण्याची मोड्युला-३ मधील पद्धतही पायथनने घेतली नाही. एक्सेप्ट व फायनली एकाच ट्रायखाली लिहिण्याची मुभा २.५ आवृत्तीपर्यंत (२००६) नव्हती, ही त्या वंशाची खूण मानता येईल; मोड्युला-३ मध्येही ती दोन वेगळी विधाने आहेत.

रूपांतरे : सुरुवातीच्या पायथनमध्ये साध्या स्ट्रिंगही (मजकुराचे तुकडे) एक्सेप्शन म्हणून फेकल्या जात आणि त्यांची जुळणी मजकुरावर नव्हे तर ऑब्जेक्टच्या ओळखीवर होई. १.५ मध्ये मानक एक्सेप्शन क्लास-आधारित झाली. स्ट्रिंगची पद्धत २.६ मध्ये (२००८) बंद झाली. २.५ मध्ये बेसएक्सेप्शन हा मूळ क्लास आला. कीबोर्डइंटरप्ट व सिस्टिमएक्झिट थेट त्याच्याखाली आहेत, 'एक्सेप्शन' या क्लासखाली नाहीत. नाव न देता लिहिलेले नुसते एक्सेप्ट बेसएक्सेप्शनखालचे सगळेच पकडते, म्हणून तसे लिहिलेली, लूपमध्ये फिरणारी स्क्रिप्ट कंट्रोल-सी (म्हणजे कीबोर्डइंटरप्ट) दाबूनही थांबत नाही.

पायथन २ मध्ये एक्सेप्टनंतर स्वल्पविरामाने दोन क्लास लिहिले, तर दुसरा शब्द क्लास न ठरता पकडलेल्या एक्सेप्शनचे नाव ठरे आणि दुसऱ्या प्रकारची त्रुटी निसटे. म्हणून २.६ मध्ये 'अ‍ॅज' आला आणि ३.० मध्ये स्वल्पविरामाची जुनी रचना जाऊन अनेक क्लासना कंस सक्तीचा झाला. ३.१४ मध्ये (२०२५) 'अ‍ॅज' नसेल तेथे कंस पुन्हा ऐच्छिक केला आहे. म्हणजे एके काळची चुकीची ओळ आता लिहिणाऱ्याला अभिप्रेत होता तोच अर्थ देते. जुन्या स्क्रिप्ट वाचताना हे ध्यानात ठेवावे.

पकडण्याची जागा : बारा महिन्यांच्या पावसाची एक सीएसव्ही फाइल घेऊ. तिच्यात जुलैचा आकडा अवतरणचिन्हांत १,०२५.५ असा आहे. मजकुराची दशांश संख्या करणाऱ्या फ्लोट फंक्शनला देवनागरी अंक चालतात, '१०२५.५' हा मजकूर ते निमूट स्वीकारते. स्वल्पविराम मात्र चालत नाही आणि व्हॅल्यूएरर (किंमत अयोग्य असल्याचे एक्सेप्शन) येते. संपूर्ण लूपबाहेर ट्राय आणि खाली एक्सेप्ट-पास (पकडा व काहीही करू नका) असेल, तर बेरीज जूनलाच थांबते. ट्राय लूपच्या आत असेल, तर फक्त जुलै गळतो आणि वार्षिक पाऊस १०२५.५ मिमीने कमी छापला जातो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण उत्तर पटण्याजोगे दिसते.

दुरुस्ती अशी : ट्रायमध्ये फक्त रूपांतराची ओळ ठेवावी. बेरीज एल्समध्ये न्यावी. एक्सेप्टमध्ये व्हॅल्यूएरर हेच नाव लिहावे. आत ओळीचा क्रमांक व मूळ मजकूर लॉग करावा, नाकारलेल्या ओळी मोजाव्यात आणि ती संख्या शून्याहून अधिक असेल, तर शेवटी सिस-एक्झिटला १ देऊन बाहेर पडावे. मजकूर नोंदवताना 'एस'ऐवजी 'आर' हा फॉरमॅट वापरावा, म्हणजे न दिसणारी चिन्हेही उघडी पडतात. एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून साठवलेल्या सीएसव्हीच्या आरंभी बीओएम हे अदृश्य चिन्ह असते. ते पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटते आणि डोळ्यांदेखत असलेल्या नावावर कीएरर येते. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिले की हा घोळ मिटतो.

वंशावळीचे भानही हवे. युनिकोडडीकोडएरर आणि जेसन मॉड्यूलची डीकोडएरर या दोन्ही व्हॅल्यूएररच्या उपक्लास आहेत. ट्राय ऐसपैस असेल, तर फाइलचे एन्कोडिंग बिघडलेले असताना 'आकडा चुकीचा' अशी नोंद होते. एक्सेप्टच्या फांद्या वरून खाली तपासल्या जातात, म्हणून ओएसएररच्या खाली लिहिलेल्या फाइलनॉटफाउंडएररची पाळी कधीच येत नाही. फायनलीत रिटर्न लिहिले, तर वर जाणारे एक्सेप्शन तेथेच नाहीसे होते; ३.१४ पासून यावर सिंटॅक्सवॉर्निंग मिळते.

पकडलेले एक्सेप्शन पुन्हा फेकायचे असेल, तर नुसते रेझ लिहावे. नवे एक्सेप्शन फेकायचे असेल, तर 'फ्रॉम' लावून जुने त्याला जोडावे. ३.० पासून न जोडताही दोन्हींचे ट्रेसबॅक (एक्सेप्शन कोणत्या ओळींतून आले त्याची यादी) छापले जातात. पण 'फ्रॉम' नसताना मधली ओळ 'आधीचे हाताळताना दुसरे आले' अशा अर्थाची असते, 'फ्रॉम' असताना पहिले हे दुसऱ्याचे थेट कारण असल्याचे सांगते. वाचणाऱ्याला हा फरक मोलाचा.

लॉगिंग : हे मॉड्यूल विनय साजीप व ट्रेंट मिक यांच्या प्रस्तावातून २.३ मध्ये (२००३) आले. पातळ्यांना संख्या आहेत : डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. नोंदी स्वीकारणाऱ्या ऑब्जेक्टला लॉगर म्हणतात; सर्वांच्या वरचा मूळ लॉगर ३० वर असतो, त्यामुळे काही न ठरवता लिहिलेली इन्फोची नोंद दिसत नाही. एक्सेप्टमध्ये एररऐवजी लॉगरची 'एक्सेप्शन' ही मेथड वापरली, की पातळी एररच राहते व ट्रेसबॅक सोबत येतो. हीच मेथड एक्सेप्टबाहेर वापरली, तर ट्रेसबॅकच्या जागी 'ननटाइप : नन' एवढेच उमटते.

सर्वाधिक तक्रारी तीन. बेसिककॉन्फिग (लॉगिंगची मांडणी करणारे फंक्शन) दिले तरी फाइल तयार होत नाही : मूळ लॉगरला आधीच हँडलर (नोंद फाइलीत वा पडद्यावर पोचवणारा भाग) असेल (बहुधा एखाद्या लायब्ररीने लावलेला), तर हे फंक्शन काहीच करत नाही; ३.८ पासून 'फोर्स' हा पर्याय आहे. प्रत्येक ओळ दोनदा येते : स्वतःच्या लॉगरलाही हँडलर, मूळ लॉगरलाही हँडलर, आणि नोंद खालून वर जाते, एक हँडलर काढावा किंवा 'प्रोपगेट' बंद करावे. डिक्शनरीतून मांडणी करणाऱ्या डिक्टकॉन्फिगनंतर काही मॉड्यूल मुकी होतात : आधीचे लॉगर बंद करण्याचा पर्याय मुळात चालू असतो, तो फॉल्स करावा.

फिरत्या फाइलच्या हँडलरला कमाल बाइट व जुन्या प्रतींची संख्या दोन्ही द्यावी लागतात. एक जरी शून्य राहिली, तरी फाइल फिरत नाही, वाढतच जाते. ५०,००,००० बाइट व ५ प्रती दिल्यास चालू फाइल धरून डिस्कवर सुमारे ३ कोटी बाइट लागतात. एकाच फाइलवर अनेक प्रोसेसनी लिहिणे या हँडलरला झेपत नाही. विंडोजवर फाइलचे नाव बदलतानाच परमिशनएरर येते.

मराठी मजकूर लॉग करणाऱ्यांनी एन्कोडिंग उघडपणे यूटीएफ-८ द्यावे. विंडोजवर मूळ एन्कोडिंग बहुधा सीपी१२५२ असते व त्यात देवनागरी नाही. फाइलहँडलर थेट वापरल्यास नोंद फाइलीत जातच नाही आणि स्टँडर्ड एररवर लॉगिंगचीच त्रुटी छापली जाते. बेसिककॉन्फिगमार्गे (३.९ पासून) अक्षरांऐवजी उलट्या तिरप्या रेघा व कोड उमटतात, नोंद टिकते, वाचता येत नाही.

डीबगिंग : ट्रेसबॅक खालून वाचावा : शेवटच्या ओळीत प्रकार व संदेश, तिच्या वर प्रत्यक्ष अडलेली ओळ. खालच्या फ्रेम (एकेका कॉलच्या नोंदी) लायब्ररीच्या असतील, तर वर जाताना भेटणारी आपल्या फाइलमधील पहिली ओळ तपासावी. ३.११ पासून ओळीतील नेमका भागही खुणेने दाखवला जातो. स्क्रिप्ट पीडीबी या डीबगर मॉड्यूलखाली चालवली, तर न पकडलेल्या एक्सेप्शनपाशी ती थांबते. 'डब्ल्यू' ने फ्रेमची यादी, 'यू' ने वरची फ्रेम, 'पी' ने व्हेरिएबलची किंमत मिळते. थ्रेडपूलमधील (समांतर कामांच्या गटातील) एक्सेप्शन फ्यूचर ऑब्जेक्टमध्ये साठून राहते आणि 'रिझल्ट' मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. साध्या थ्रेडसाठी ३.८ पासून वेगळा एक्सेप्टहुक (न पकडलेले एक्सेप्शन हाताळणारे फंक्शन) आहे. सिस मॉड्यूलमधला हुक फक्त मुख्य थ्रेडपुरता. क्रॉनमधून (वेळापत्रकानुसार) चालणाऱ्या स्क्रिप्टची चालू डिरेक्टरी वेगळी असते, म्हणून लॉगफाइलचा मार्ग पूर्ण लिहावा. नाहीतर लॉग लिहिला जातो, पण भलत्याच फोल्डरमध्ये.