सिमेंटमधून झिरपणारं फ्लोराइड

पोराच्या दुधाच्या दाढेत खड्डा पडला की डेंटिस्ट बहुतेक वेळा म्हणतात, "सिमेंट भरून देऊ." दात पडणारच आहे, मग कशाला भारीतलं, असा हिशेब असावा असं आपल्याला वाटतं. तो असतोही. पण या सिमेंटमध्ये एक गुण आहे जो चांदीच्या भरणात नाही: ते आजूबाजूच्या दाताला फ्लोराइड देत राहतं.

याचं नाव ग्लास आयोनोमर. एका बाटलीत काचेची मैद्यासारखी पूड, दुसरीत पॉलिॲक्रिलिक आम्लाचं मधासारखं दाट द्रावण. असिस्टंट कागदी पॅडवर प्लास्टिकच्या पट्टीने दोन्ही अर्ध्या मिनिटात कालवते. लगदा चकचकतोय तोवरच खड्ड्यात जायला हवा. आम्ल काचेला खातं, काचेतून कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम बाहेर पडतं आणि आम्लाच्या लांब साखळ्या त्यांना धरून घट्ट होतात. काही साखळ्या दातातल्या कॅल्शियमलाही धरतात, म्हणून हे सिमेंट दाताला आपसूक चिकटतं. चकाकी गेली म्हणजे साखळ्यांचे हात काचेतच अडकले, दातासाठी फारसे मोकळे उरले नाहीत.

या गडबडीत काचेतलं फ्लोराइडही सुटतं. ते तिथे दातांसाठी घातलेलं नव्हतं, ही यातली मजा. सोनार डाग देताना टाकणखार वापरतो, तसं काच कमी तापमानाला वितळावी म्हणून ते घालत. विसाव्या शतकात बराच काळ पुढच्या दातांत सिलिकेट सिमेंट भरत. त्यात अशीच काच आणि फॉस्फोरिक आम्ल असे. ते लाळेत हळूहळू विरघळून जाई. पण भरण झिजलं तरी त्याच्या काठाला पुन्हा कीड क्वचितच लागलेली दिसे. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी आम्ल बदललं आणि 1972 साली ग्लास आयोनोमरची माहिती प्रसिद्ध केली.

फ्लोराइड गेल्यावर सिमेंट पोकळ कसं होत नाही? साखळ्यांना बांधून ठेवतात ते कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम. फ्लोराइडवर त्या जाळ्याचा भार नसतो. भिंतीतली वीट नव्हे, भिंतीतला ओलावा म्हणा. पहिल्या दिवशी ते भरपूर सुटतं, काही आठवड्यांत धार बारीक होते आणि मग वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने चालू राहते. तोंडात आम्ल वाढलं की सुटण्याचं प्रमाणही वाढतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी.

इनॅमलचं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थराचं, खनिज साधारण 5.5 पीएचखाली विरघळू लागतं; पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त. त्यातल्या हायड्रॉक्सिल या घटकाच्या जागी फ्लोराइड बसलं, तर ही मर्यादा 4.5च्या आसपास उतरते, म्हणजे ते जास्त आम्ल सोसतं. हा बदल भरणाच्या काठालगतच्या पातळ थरात होतो. अख्खा दात चिलखत घालत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही बोअरवेलच्या पाण्याने लहानपणी दातांवर डाग पडतात, ते ऐकून कुणी बिचकेल. ते नुकसान हिरडीखाली दात घडत असताना रोज पोटात जाणाऱ्या फ्लोराइडमुळे होतं. इथली मात्रा त्यापुढे किरकोळ आहे.

तरी "हे भरलं की कीड लागणारच नाही" असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजता येतं, पण प्रत्यक्ष तोंडात त्यामुळे कीड किती टळते यावर अभ्यासांचं एकमत नाही. शिवाय हे सिमेंट ठिसूळ आहे. मोठ्या माणसाच्या चावायच्या दाढेत मोठा खड्डा असेल तर ते झिजतं, तुटतं. वीज नसलेल्या ठिकाणी मात्र त्याला तोड नाही. 1980च्या दशकात टांझानियात नुसत्या हाताच्या अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत सुरू झाली, ती पुढे याच सिमेंटच्या जोरावर देशोदेशी गेली.

आणि ही टाकी पुन्हा भरतेही, पहिल्यासारखी काठोकाठ नाही, पण थोडीफार. फ्लोराइडवाल्या टूथपेस्टने घासलं की सिमेंट त्यातलं थोडं फ्लोराइड शोषून घेतं आणि नंतर सावकाश सोडतं. रात्री घासून झाल्यावर पेस्ट नुसती थुंकायची. खळखळून चूळ भरली की ते बेसिनमध्ये जातं.