खेळ, विरंगुळा आणि बागा एका पदवीत का आल्या नाहीत

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत उद्याने, करमणूक, फावला वेळ आणि तंदुरुस्ती यांचा मिळून एक विभाग असतो. तिथे शिकलेली मुले पुढे शहराची मैदाने सांभाळतात, ज्येष्ठांसाठी उपक्रम आखतात, व्यायामशाळा चालवतात. आपल्याकडे कुणी असे काही शिकायचे म्हटले की त्याला बी.पी.एड.चा, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचा, रस्ता दाखवला जातो, आणि ती पदवी तर शिक्षक घडवण्यासाठी आहे. असे का झाले, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या तालमींत सापडते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात व्यायाम हे देशकार्य होते. बडोद्याला जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकराव तरुणांना घडवत होते. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. अमरावतीला अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ साली जी संस्था उभी केली, तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर गाजली. हुतात्मा राजगुरू काही काळ तिथे होते. मंडळाचे उन्हाळी वर्ग ही फार मोठी गोष्ट होती. निरनिराळ्या प्रांतांतून तरुण यायचे, मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती शिकायचे आणि गावी परतून स्वतःचा आखाडा काढायचे. १९३६ साली याच मंडळाच्या संघाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पद्धतशीर शिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र हे सगळे मंडळात विद्यापीठाची मान्यता येण्याच्या कितीतरी आधी रुजले होते. पदवी महाविद्यालय तिथे १९६७ साली आले.

माणिकरावांच्या शिष्यांपैकी जगन्नाथ गणेश गुणे यांनी वेगळी वाट धरली. तेच स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचे शरीरावर काय परिणाम होतात हे क्ष-किरण आणि प्रयोगशाळेतली उपकरणे लावून तपासायला सुरुवात केली. निष्कर्ष छापण्यासाठी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक त्याच वर्षी काढले. व्यायाम हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो हे आपल्याकडे कुणी पहिल्यांदा ठामपणे दाखवले असेल तर ते त्यांनी, असे माझे मत आहे.

दुसरा प्रवाह मद्रासहून आला. हॅरी क्रो बक हे अमेरिकन शिक्षक तिथे आले आणि १९२० साली त्यांनी वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. बक मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. महाविद्यालयात शिकले होते. बास्केटबॉलचा जन्म १८९१ साली तिथलाच. तो खेळ शोधणारे जेम्स नेस्मिथ ज्यांच्या हाताखाली काम करत, ते ल्यूथर गुलिक १९०६ साली अमेरिकेतल्या मैदान-चळवळीच्या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे तिकडे व्यायामशिक्षक आणि शहरातल्या मोकळ्या मैदानांची चळवळ सुरुवातीपासून हातात हात घालून चालली. मद्रासहून देशभर पसरले ते मात्र मुख्यतः शिक्षक-प्रशिक्षण.

मुंबई इलाख्यात हे वळण आणखी पक्के झाले. १९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष कुवलयानंद होते. प्रश्न शाळांचा होता. मुलांना व्यायाम द्यायचा तर शिक्षक हवेत, शिक्षक हवेत तर प्रशिक्षण हवे. १९३८ साली कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. निर्णय त्या काळाला धरून योग्यच होता. पण त्यामुळे या विद्येचा पगार शाळेच्या हजेरीपटाशी बांधला गेला. शाळेबाहेरच्या माणसाच्या संध्याकाळची जबाबदारी या शिक्षणाने घेतली नाही.

ती संध्याकाळ दुसऱ्याच लोकांनी उचलली. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी विसाच्या दशकात नेबरहुड हाऊस चालू केले. दाटीवाटीच्या वस्तीत मुलांना खेळायला जागा, मोठ्यांना वाचनालय, वर्ग, कार्यक्रम. नागपाड्याचा बास्केटबॉल आजही ओळखला जातो. १९३६ साली याच इमारतीत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय भरू लागले, आजची टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) ती हीच. गिरणगावात कामगार कल्याण केंद्रे निघाली आणि १९५३ च्या कायद्याने त्यांच्यासाठी मंडळ व निधी आला. कामगारांचे नाटक, कबड्डी, कॅरम, शिवणवर्ग सगळे त्यात. अशा रीतीने करमणुकीचा विचार समाजकार्य आणि कामगार कल्याण या खात्यांत गेला.

बागांचे तर पहिल्यापासून वेगळेच होते. राणीची बाग किंवा पुण्याचे एम्प्रेस गार्डन यांच्या मुळाशी शेती-बागायतीची संस्था होती. म्हणून महापालिकेत उद्यान विभागाची जागा निघते तेव्हा उद्यानविद्येची किंवा कृषीची पदवी मागतात. झाडांची निगा त्यामुळे जाणकार हातात राहते, ही जमेची बाजू. पण बागेत येणाऱ्या माणसांचा, म्हणजे आजींच्या कट्ट्याचा, चालणाऱ्यांच्या वाटेचा, अपंग मुलाच्या झोपाळ्याचा अभ्यास करून आलेला अधिकारी त्या चौकटीत बसत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे तुकडे जोडण्याची संधी आली होती. १९५० साली केंद्राने जे सल्लागार मंडळ नेमले, त्याच्या नावात शारीरिक शिक्षणाबरोबर करमणूकही होती. १९५७ मध्ये, १८५७ च्या उठावाच्या शताब्दी वर्षी, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने महाविद्यालय उघडले आणि शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी देशात प्रथमच सुरू झाली. १९९५ साली त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथून क्रीडाविज्ञान वाढले, प्रशिक्षक वाढले. फावल्या वेळाचा अभ्यास मात्र एखाद्या पेपरापुरता राहिला.

१९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद वैधानिक झाली आणि बी.पी.एड. तिच्या कक्षेत आली. २०१४ च्या नियमांनी ती दोन वर्षांची झाली. आज त्यासाठी सीईटीबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते आणि उत्तीर्ण झालेला विद्यार्थी शाळेतल्या शिक्षकाच्या जागेची वाट पाहतो. त्याच वेळी गल्लोगल्ली खुल्या व्यायामशाळांची लोखंडी यंत्रे उभी आहेत. गुडघेदुखीच्या माणसाने त्यांतले कुठले टाळावे हे सांगायला तिथे बहुधा कुणी नसते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पदवी अभ्यासक्रमांत योग, क्रीडा, तंदुरुस्ती यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक दिले आहेत. वाणिज्य, विज्ञान, कला अशा सगळ्या शाखांची मुले आता हे विषय घेऊ शकतात. महाविद्यालयांनी हे तास तिथल्या शारीरिक शिक्षण संचालकावर लादून मोकळे होऊ नये. जवळच्या महापालिकेचा उद्यान विभाग, कामगार कल्याण केंद्र आणि एखादी जुनी तालीम यांच्याशी करार करून मुलांना तिथे काम द्यावे. या तिन्ही ठिकाणी काम करून पाहिलेला विद्यार्थी आपल्याकडे अजून कुठलाच अभ्यासक्रम घडवत नाही.